अर्ध्या प्रकाशाची चाचणी

लेखावर पहिलं नाव कुणाचं, हा प्रश्न धाकटी आणि भाऊजी यांच्यात अकरा वर्षांत एकदाही निघाला नव्हता. पहिलं नाव भाऊजींचं, दुसरं धाकटीचं, मग बाकीच्यांचं. थर ती बनवायची, मोजायचे ते. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात पहिलं नाव तिचं दिसलं, तेव्हा तिला ती नजरचूक वाटली. तिने फोन केला. भाऊजी म्हणाले, थर तुझा, मान तुझा, आम्ही नुसते मापाडी. मागून ताईचा आवाज आला की घे गं, किती लाजशील.

तिने घेतलं.

संस्थेत तिला धाकटी हे नाव भाऊजींमुळेच पडलं. ती त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. आई-वडील लवकर गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं. वेणी घालण्यापासून प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्यापर्यंत सगळं ताईचं. भाऊजी घरात आले तेव्हा ती शाळेत होती. पदार्थविज्ञान हा विषय तिला त्यांनी सुचवला, संस्थेत तिला त्यांनी आणलं, आणि थर बनवण्याचं यंत्र तिच्या ताब्यात आलं तेव्हा पहिल्या दिवशी पेढीवर बसवावं तसं खांद्याला धरून तिला त्या यंत्रापुढच्या खुर्चीत त्यांनीच बसवलं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. पोलादी चेंबरमधली हवा उपसायची. आत नखाएवढी, सिरॅमिकसारखी चकती तापवायची आणि तिच्यावर लोह आणि सेलेनियमची वाफ इतक्या बेताने सोडायची, की रेणूंचा एकच थर बसावा. दुसरा बसायला लागला की दिवस फुकट. असा एकेरी थर थंड केला, की त्यातून वीज बिनअडथळा वाहते, आणि त्याच पदार्थाच्या जाड तुकड्याच्या मानाने पुष्कळ वरच्या तापमानापर्यंत वाहत राहते. जाड माणसाला जे जमत नाही ते बारीक माणूस कसं करतो, असं धाकटी पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे. ‘का’ हे मात्र कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि सगळी धडपड त्या ‘का’साठी होती.

ते शोधायचं काम भाऊजींचं. संस्थेच्या मोठ्या गोल यंत्रातून निघणाऱ्या प्रकाशाची एक वाट त्यांच्या ताब्यात होती. तिला सगळे बीमलाइन म्हणत. तो प्रकाश थरावर पडला की इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात. ते किती ऊर्जेने येतात, हे मोजायचं. थरातून वीज खरोखर बिनअडथळा वाहत असेल, तर ऊर्जेच्या वरच्या टोकाला एक रिकामी फट दिसते. तिला गॅप म्हणतात. गॅप जितकी रुंद, तितका थर दमदार. शून्य कुठे धरायचं ते शेजारी बसवलेल्या सोन्याच्या पत्र्यावरून ठरवतात.

या धंद्यात थर बनवणारे आणि मोजणारे यांचं सासू-सुनेसारखं असतं. मापात काही चुकलं की मोजणारा म्हणतो सॅम्पल खराब, बनवणारा म्हणतो मशीन खराब. भाऊजी कुरकुर करायला लागले की धाकटी म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. भाऊजी म्हणायचे, अंगण तुझ्या ताईने सारवलंय, वाकडं कसं असेल. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

मग तिने नव्या प्रकारच्या चकतीवर थर बनवला आणि त्याची गॅप अडतीस मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आली. जगभरात अशा थराची गॅप सोळाच्या आसपास येते. अडतीस म्हणजे दुपटीहून जास्त. थर गरम करत नेला तशी ती हळूहळू मिटली, म्हणजे वागणंही खऱ्या गॅपसारखंच. त्या दिवशी सकाळी अकराला तिने पडद्यावर तो आकडा पाहिला, कँटीनमध्ये जाऊन ताईला फोन केला आणि वीस मिनिटं नुसती बडबडली. पाच महिन्यांनी लेख छापून आला. पहिलं नाव तिचं.

छापून आल्यावर सात महिन्यांत तीन प्रयोगशाळांनी तसाच थर, तशाच चकतीवर बनवला. तिघांनाही सोळाच मिळाले. पत्रं सभ्य भाषेत आली, पण आली.

सोमवारी संचालिकाबाईंनी दोघांना बोलावलं. बाई कमी बोलत आणि समोरच्याला जास्त बोलू देत. धाकटी म्हणाली की एकदा पुन्हा मोजून बघू. बाईंनी भाऊजींकडे पाहिलं.

“थर दर वेळी सारखा उतरतोच असं नाही,” भाऊजी शांतपणे म्हणाले. “त्या वेळी त्यात काहीतरी दोष राहून गेला असणार. आम्ही समोर आलं ते मोजलं.”

धाकटीला आधी वाटलं ते तिला चिमटा काढताहेत, नेहमीसारखा. तिने ओठांवर हसू आणलंसुद्धा. मग लक्षात आलं की खोलीत कुणीच हसत नाहीये, आणि ‘आम्ही’मध्ये ती नाही.

बाईंचा निर्णय तीन वाक्यांचा होता. लेख मागे घ्यायचा. कारण एका ओळीत लिहून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं. पहिलं नाव जिचं, पत्रही तिचंच. दाराशी येऊन बाई तिला एकटीला म्हणाल्या की कारण थराचा दोष असेल, तर थराचं यंत्र दुसऱ्या गटाला द्यावं लागेल, ते केव्हाचे मागताहेत. तिच्या नेमणुकीची मुदत तीन महिन्यांत संपत होती, त्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. जिचा थर खोटा निघाला तिचा थर पुन्हा कुणी हातात घेत नाही.

भाऊजी जिन्यात थांबले होते. म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, हे सगळ्यांच्या वाट्याला कधीतरी येतं. तिने मान हलवली. थरात काय चुकलं असेल, हे त्या रात्रीपर्यंत ती खरोखरच शोधत होती.

मंगळवारी तिने मोजणीच्या सगळ्या फाइली पहिल्यापासून उघडल्या. बीमलाइनचं यंत्र प्रत्येक मोजणीला आपणहून क्रमांक देतं; तो पुसता येत नाही की पुन्हा वापरता येत नाही. भाऊजींनी तिला दिलेल्या फाइली एक्केचाळीसपासून अडुसष्टपर्यंत होत्या, आणि पुढे बहात्तरपासून. मधल्या तीन नव्हत्या. वर्षभरात हे तिने दोनदा तरी पाहिलं असेल. झोत हलला असेल, मोजणी सोडून दिली असेल, असं धरून पुढे गेली होती.

बीमलाइनवर एक तंत्रज्ञ बाई होत्या. खिशात सदा पाना असायचा, म्हणून सगळे त्यांना पानामावशी म्हणत. जुन्या फाइलींचा साठा त्यांच्याकडे. धाकटीने तीन क्रमांक लिहून दिले. मावशींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“वर्ष झालं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं तू आठवड्यात येशील.”

त्यांनी फाइली दिल्या आणि लॉगबुकही काढून पुढ्यात ठेवलं. जास्त काही बोलल्या नाहीत. त्यांना तिथे अजून सहा वर्षं काढायची होती.

तीन मोजण्या, एकच थर, एकच तापमान. फरक फक्त प्रकाशात. पूर्ण झोत, अर्धा, पाव. गॅप अडतीस, सत्तावीस, साडेएकवीस. वेळ सकाळी अकरा वीस ते अकरा चाळीस. लॉगबुकात भाऊजींच्या सुबक अक्षरात एकच ओळ होती: प्रकाश निम्मा केला, सरकतंय.

धाकटीला कागद-पेन्सिल लागली नाही. खरी गॅप प्रकाश वाढवल्याने वाढत नाही. वाढते तो चार्ज. थरातून इलेक्ट्रॉन उडतात, त्यांची भरपाई जमिनीला जोडलेल्या तारेतून व्हावी लागते. जोड सैल असला की थर तुटीत राहतो, बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मंदावतात, आणि सगळं चित्र खाली सरकून खोटी गॅप दिसते. शेजारचं सोनं नीट जोडलेलं, म्हणून शून्य जागेवरच. गरम केलं की चकतीतून थोडी वीज झिरपायला लागते, तूट भरून येते आणि खोटी गॅप खरीसारखी मिटते. प्रवासात थर सुरक्षित राहावा म्हणून ती त्यावर सेलेनियमची टोपी चढवून पाठवायची. ती टोपी भाऊजींच्या चेंबरमध्ये तापवून उडवतात. त्या वेळी थराला त्या तारेशी जोडणारी चिमटी सैल झाली असणार.

तिने प्रकाश शून्य केला तर काय उरेल ते काढलं. सोळा. जगभरात येते तेवढीच. म्हणजे थर चांगला होता. नव्या चकतीवर, पहिल्या झटक्यात, कुणाच्याही तोडीचा थर तिने उतरवला होता, आणि ते सिद्ध करणारे तीन कागद वर्षभर कुलपात होते.

बुधवारी सकाळी ती बीमलाइनवर गेली तेव्हा भाऊजी चेंबरचं झाकण बसवत होते. एक बोल्ट आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग त्याच्या आडवा, हा क्रम त्यांनीच तिला शिकवला होता. तिने तीन आलेख झाकणावर ठेवले.

त्यांनी पाहिले. “फाइली मावशींनी दिल्या?”

“मशीनने दिल्या. क्रमांक गाळता येत नाहीत.”

मग ते बराच वेळ बोलले, पाना हातातच धरून. आठ दिवसांवर पाहणी समिती येणार होती. बीमलाइन पुढची पाच वर्षं चालवायची की बंद करायची हे ठरायचं होतं, आणि दोन वर्षांत दाखवण्यासारखं हाताशी काही नव्हतं. ती चाचणी त्यांनी सवयीने केली. वाटलं, उद्या चिमटी आवळून पुन्हा मोजू. दुसऱ्या दिवशी मोठं यंत्र दुरुस्तीला बंद पडलं ते सहा आठवडे. तोवर समिती येऊन गेली, वाखाणून गेली. थर जुना झाला. मग वाटलं, काही भाग खरा असेलच.

“मी कँटीनमध्ये होते,” धाकटी म्हणाली. “हाक मारली असती तर दोन मिनिटांत आले असते.”

“तू ताईशी बोलत होतीस. तू फोन ठेवलास आणि तिने मला लावला. रडत होती. म्हणाली, आपल्या पोरीने नाव काढलं. माझ्या समोर पडद्यावर सत्तावीस होते.”

“मग सोमवारी थराचा दोष कुठून काढलात?”

त्यांनी पाना एका बोल्टवर बसवला.

“पहिलं नाव माझं का घातलंत, भाऊजी?”

त्यांनी आधीच आवळलेला बोल्ट पुन्हा आवळला. “ते ताईला विचार.”

तिने झाकणावरचे आलेख गोळा केले.

ताई संस्थेच्याच वसाहतीत राहायची. तीन खोल्या, त्यातली मागची अजून धाकटीची खोली म्हणूनच ओळखली जायची. दुपारी ती पोचली तेव्हा ताई शर्टांना इस्त्री करत होती. बहिणीचा चेहरा पाहून तिने इस्त्री उभी करून ठेवली, पण बटण बंद केलं नाही.

तिने काही लपवलं नाही. त्याच आठवड्यात तिला कळलं होतं. नवरा दोन दिवस जेवला नाही, तेव्हा तिने खोदून खोदून काढून घेतलं. संचालिकेला सांगून टाकतो म्हणत होता, तिने अडवलं. आणि मसुदा तयार झाला तेव्हा नावांचा क्रम बदलायलाही तिनेच लावलं.

“तू चौतिशीची,” ताई म्हणाली. “चुकलीस तर म्हणतील, शिकतेय अजून. ते पंचावन्नचे. त्यांचं चुकलं तर घरी बसवतील. हे घर जाईल. मी दोघांचा विचार केला.”

“दोघांचा म्हणजे तुमचा.”

“तू सावरतेस गं. लहानपणापासून. पडलीस तरी रडत नव्हतीस.”

“रडले की तू ओरडायचीस. म्हणून नव्हते रडत.”

ताईने शर्टाची कॉलर दोन बोटांनी सरळ केली. तिचं म्हणणं होतं की एक ओळ तर लिहायची आहे, थराचा दोष होता म्हणून. नेमणूक गेली तर इथे राहायला ये, खोली तुझीच आहे, पुढचं पुढे बघू. हे ती मनापासून बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. ज्या घरासाठी तिला पुढे केलं, त्याच घरात तिला आसरा मिळणार होता.

“आपलेच दात, आपलेच ओठ,” ताई म्हणाली. “चावले गेले तर काय दात पाडतो का आपण?”

“दात तुमचे होते, ताई. ओठ माझे.”

निघताना ताईने सवयीने तिच्या कुर्त्याचं मानेजवळचं बटण लावलं. धाकटीने लावू दिलं आणि जिना उतरली.

गुरुवारचा दिवस तिने यंत्रावर काढला. थर बनवला नाही. नुसती चेंबरच्या काचेतून आतली तापलेली चकती पाहत बसली. शुक्रवारी सकाळी पत्र लिहिलं. बाईंना एक ओळ हवी होती, तिची सहा वाक्यं झाली. मोजणीच्या वेळी थर आणि जमीन यांच्यातला जोड सैल होता, त्यामुळे गॅप खोटी रुंद दिसली. प्रकाश कमी करत घेतलेल्या तीन मोजण्यांत हे त्याच दिवशी दिसलं होतं. त्या मोजण्या लेखात नाहीत, सोबत जोडल्या आहेत. थर सदोष असल्याचा पुरावा नाही. अर्ध्या प्रकाशाची चाचणी झाली का, हे पहिल्या लेखिकेने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही.

शेवटची दोन वाक्यं लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुसऱ्या कुठल्याही बीमलाइनवर तिने तो प्रश्न पहिल्या तासात विचारला असता. बाहेर हे सगळेच विचारतात, त्यात कुणाला राग येत नाही. भाऊजींना तिने अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. घरच्या माणसाने झाकून दिलेलं ताट उघडून बघायचं नसतं, असं तिला वाटायचं.

अकराला भाऊजी आले. ताईने पाठवलं होतं की स्वतः आले, ते त्यांनी सांगितलं नाही. पत्र पडद्यावर होतं. उभ्यानेच वाचलं. त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नाही, कधीच चढवला नव्हता.

“बाकी सगळं राहू दे,” ते म्हणाले. “जोड सैल होता, मान्य. माझ्या चेंबरमध्ये झाला, तेही मान्य. फक्त ‘त्याच दिवशी’ हे दोन शब्द काढ. नंतर लक्षात आलं असं होऊ दे. एवढंच मागतो.”

तिने तो विचार केला नव्हता असं नाही. ते दोन शब्द काढले की ती एक प्रामाणिक चूक ठरत होती. थर सुटत होता, यंत्र वाचत होतं, ताईचं घर वाचत होतं. कुणाचंच काही जात नव्हतं. क्षणभर तिने कर्सर त्या शब्दांपाशी नेलाही.

“सोमवारी बाईंच्या खोलीत तुम्ही हे मागितलं असतं ना,” ती म्हणाली, “तर मी काढले असते.”

भाऊजी म्हणाले, “घाबरलो होतो.”

“माझं काय होईल, याला घाबरला होतात का?”

त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. एवढं तिने नंतरही त्यांच्या बाजूने धरलं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढला आणि ते गेले. अकरा चाळीसला तिने पत्र पाठवलं.

पुढचं सगळं कागदोपत्री, आवाज न करता झालं. भाऊजींना बीमलाइनवरून काढून ग्रंथालयाच्या इमारतीत जुन्या नोंदी लावायचं काम दिलं. घर चार महिन्यांत सोडायची नोटीस निघाली. धाकटीची नेमणूक आणखी दोन वर्षांसाठी वाढली. कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसलं तर कामाचं बोलून उठायचं. थर चांगला होता हे सगळ्यांनी मान्य केलं. घरभेदी हा शब्दही त्यांच्यातल्याच कुणीतरी वापरला आणि तो तिच्यापर्यंत पोचेल याची काळजी घेतली. पानामावशी तेवढ्या वाटेत भेटल्या की थांबायच्या आणि हवा-पाण्याचं बोलायच्या.

ताईचा फोन आला नाही. तिनेही केला नाही.

दीड महिन्याने तिने त्याच प्रकारच्या चकतीवर नवा थर उतरवला. संस्थेची बीमलाइन नव्या प्रमुखाची वाट पाहत बंद होती, म्हणून मोजणीसाठी दुसऱ्या गावच्या बीमलाइनकडे अर्ज करावा लागणार होता. अकरा वर्षांत तिने असा अर्ज कधी भरला नव्हता; हे सगळं भाऊजी बघायचे. अर्ज सहा पानी होता. थराची जाडी, चकतीचा प्रकार, टोपी किती तापमानाला उडते, विषारी वाफ निघते का. तिने एकेक रकाना शाईने, सावकाश भरला. पाचव्या पानावर तळाशी विचारलं होतं: अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, नाव, नातं, फोन.

हात थांबला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ताईचं नाव आणि नातं लिहून झालंय आणि फोनचे शेवटचे दोनच आकडे राहिलेत. तिने पेन उचलून धरला. रकाना खोडून शेजारी दुसरा नंबर लिहायला जागा होती. कुणाचा लिहावा, याचा तिने बराच वेळ विचार केला. मग राहिलेले दोन आकडे लिहिले. दुसरा कुठलाही नंबर तिला पाठ नव्हता.